लेकीचे बर्लिनमधले सणवार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला, "तुमची थोरली परदेशात शिकते, तिथे ती तुमचे यहुदी सणवार कसे पाळते ते सांगा." मी म्हटले, "अहो, माझी शाळा सातवीला सुटली. माझा परदेश म्हणजे अलिबाग, कारण तिथे बोटीने जाता येते!" त्या म्हणाल्या, "रोज रात्री फोनवर तासभर जे ऐकता, तेवढेच सांगा." तेव्हा ऐकलेलेच सांगते. कंटाळा आलाच तर चहा तयार आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, हे जुन्या शेजारणींना ठाऊक आहे. नवीन इमारतींत राहायला आलेल्यांसाठी थोडे सांगते. घरात मराठी, ताटात वालाचे बिरडे, आणि माझ्या आजेसासूबाई शेवटपर्यंत नऊवारी नेसल्या. कोकणात आमच्या वाडवडिलांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शनिवार हा आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. तो शुक्रवारी सूर्य मावळताना लागतो आणि शनिवारी चांदण्या दिसल्या की संपतो. टेंभी नाक्याजवळचे आमचे सिनेगॉग १८७९ सालचे आहे. बाहेर नवरात्राचा गजर आणि आत आमच्या नव्या वर्षाची प्रार्थना, असे कितीतरी वर्षे एकदमच चालते.

ते एकदम येण्याचे कारण मोठे गमतीचे आहे. तुमचे महिने चंद्रावर, आमचेही चंद्रावर. तुम्ही अधिक महिना धरता तसा आम्हीही धरतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. म्हणून होळीच्या पौर्णिमेला आमचा पुरीम येतो. आमच्या जुन्या बायका त्याला सरळ 'होळीचा सण'च म्हणत. चैत्री पौर्णिमेला पेसाह, कोजागिरीला मांडवाचा सण. तुमचा अधिक महिना आधी आला किंवा आमचा आधी आला, तर त्या वर्षी महिन्याचे अंतर पडते इतकेच. आणि दसऱ्याच्या सुमारास आमचा सर्वांत मोठा उपास, योम किप्पुर. २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला दसरा आणि आमचा उपास अगदी एकाच दिवशी पडले. या उपासाचे आमचे कोकणातले नाव 'दारफाळणीचा सण', म्हणजे दारे लावून घेण्याचा. पांढरे कपडे, तोंडात पाण्याचा थेंब नाही, दिवसभर प्रार्थना. पूर्वी त्या दिवशी बाहेरच्या कोणाशी बोलतही नसत. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. मग दानधर्म करायचा, आप्तेष्टांकडे जायचे. हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागेल.

तर थोरली २०२४ च्या सप्टेंबरात बर्लिनला गेली. सांडपाणी शुद्ध कसे करावे याचे शास्त्र आहे म्हणे, ते शिकायला. जर्मनीच का, असे आमच्यात पुष्कळांनी विचारले, आणि विचारण्यासारखेच होते. हिटलरच्या राज्यात युरोपातले साठ लाख यहुदी मारले गेले. माझे सासरे म्हणाले, "लंडनला जा, अमेरिकेला जा, पण तिथे नको." आमचे कारण पैशाचे होते. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी घेत नाहीत. राहण्याखाण्याची रक्कम मात्र आधी बँकेत अडकवून दाखवावी लागते. आम्ही भरली तेव्हा ती वर्षाला ११,२०८ युरो होती. त्याच सप्टेंबरपासून ११,९०४ झाली. ती मुलीला दर महिन्याला थोडीथोडी मिळते. माझ्या पाटल्या त्यात गेल्या. गेल्या तर गेल्या.

परदेशी शिकायला जाणारी ती आमच्यातली पहिली मुलगी नव्हे. डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव तुमच्यापैकी ज्यांचा जन्म कामा हॉस्पिटलातला आहे त्यांच्या आयांनी ऐकले असेल. त्या तिथल्या प्रमुख होत्या. त्या लंडनला शिकून १९१९ साली एम. डी. झाल्या, १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी सासऱ्यांना हे सांगितले. ते म्हणाले, "ते लंडन होते." पुढे ते काही बोलले नाहीत, पण विमानतळावर आले.

पोचून आठवडा झाला नाही तोच आमचे नवे वर्ष आले. आम्ही त्याला 'नवियाचा सण' म्हणतो. २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सण लागला. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळे शहर बंद! ती सुट्टी आमच्या सणाची नव्हे; ३ ऑक्टोबर हा जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस. या सणाला आम्ही चिकाचा हलवा करतो. गव्हाचा चीक, नारळाचे दूध आणि साखर. गाईचे दूध नाही, कारण मांसाच्या जेवणाबरोबर आम्हाला दूध चालत नाही, म्हणून आमची सगळी पक्वान्ने नारळावर. तिने डब्यातले नारळाचे दूध आणि मक्याचे पीठ घेऊन हलवा आटवला. तो काही वड्या पडण्याइतका झाला नाही. वाटीत घालून चमच्याने खाल्ला आणि मला म्हणाली, "आई, खीर झाली." मी म्हटले, सणाला गोड तोंड झाले ना, मग झाले.

आता रोजचे सांगते. ठाण्यात सूर्य बारा महिने सहा ते सव्वासातच्या दरम्यान मावळतो, त्यामुळे शब्बाथचा दिवा कधी लावायचा याची मला कधी काळजी पडली नाही. बर्लिनला डिसेंबरात सूर्य चारच्याही आधी मावळतो. दिवे त्याच्याही आधी लावायचे, म्हणजे साडेतीनलाच. उलट जूनमध्ये तो रात्री साडेनऊला मावळतो आणि शनिवारी चांदणी दिसेपर्यंत अकरा वाजतात! बरे, शनिवारी आम्ही खरेदी करायची नाही, आणि रविवारी तिथली दुकाने कायद्यानेच बंद. म्हणजे आठवड्याचे दाणापाणी शुक्रवारी दुपारच्या आत घरात हवे. वर्ग सुटतो अडीचला. पहिल्या हिवाळ्यात एकदा तिने शब्बाथ आणि रविवार, दोन्ही दिवस कांदा-बटाटा आणि भातावर काढले.

वसतिगृहात ज्योत पेटवायला बंदी आहे, धुराने घंटा वाजते. घरी मी काचेच्या कंदिलात खोबरेल तेलाची वात लावते. ती तिथे बॅटरीचे दोन दिवे लावते. सासूबाईंना हे आवडले नाही. मला विचाराल तर, ज्या दिव्याने अग्निशामकवाले धावून येत नाहीत तोच दिवा बरा.

पण एक गोष्ट उलटी झाली. इथे शनिवारी शाळा असे, कॉलेज असे, पुढे नोकरीही असे. आमची मुले सकाळची शाळा करून मग शब्बाथ पाळत. तिथे विद्यापीठाला शनिवारी सुट्टीच असते. तेवीस वर्षांची झाल्यावर माझ्या मुलीने पहिल्यांदा पुरता शब्बाथ पाळला, तोही जर्मनीत! हातखर्चासाठी ती एका पाववाल्याच्या दुकानात काम करते. तिथे पाववाल्यांना रविवारी सकाळी काही तास दुकान उघडता येते, पण रविवारी लवकर उठायला कोणी राजी नसते. तिने सांगितले, मला सगळे रविवार द्या, शनिवार देऊ नका. मालकीण खूष, ही खूष. पेसाहच्या आठ दिवसांत मात्र आम्ही आंबवलेली भाकर घरात ठेवीत नाही, मग पाव कसा विकणार? ते आठ दिवस ती बिनपगारी सुट्टी घेते.

स्वयंपाकघर चौघींत एक. डुकराचे मांस तिला चालत नाही, कोळंबी चालत नाही, दूध आणि मांस एकत्र चालत नाही. आमच्या पद्धतीने कापलेले मांस तिथे मिळते, पण भाव ऐकून ती शाकाहारीच झाली. विद्यापीठांच्या खाणावळीत तिला अडचण पडत नाही. २०२१ पासून बर्लिनच्या विद्यार्थी खाणावळींत बहुतेक पदार्थ वनस्पतींचेच असतात. घरात तिची एक कढई आणि एक तवा वेगळा आहे, त्याच्या कानाला तांबडा दोरा बांधला आहे. त्या दोऱ्याची राखण करते तिची खोलीशेजारीण, एक अफगाण मुलगी. तिलाही डुकराचे वर्ज्य. आमच्यात उपासाला जुनी माणसे 'रोजा' म्हणतात. थोरलीने पहिल्या वर्षी सांगितले, "उद्या माझा रोजा आहे," तर त्या मुलीला दुसरा शब्द सांगावा लागला नाही. तुर्की दुकानातून भेंडी, कोथिंबीर आणि मसूर दोघी मिळून आणतात.

म्हणून सगळे गोडगोडच चालते असे मात्र नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात हमासने इस्राएलवर हल्ला केला आणि पुढे गाझात युद्ध झाले. लेकरेबाळे दोन्हीकडची गेली. आमचे नातेवाईक इस्राएलमध्ये आहेत, माझी सख्खी नणंद तिथे आहे. ती अफगाण मुलगी गाझासाठी मोर्चाला गेली, आणि रात्री दोघींचे कडाक्याचे भांडण झाले. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी एकीने भेंडी चिरून ठेवली, दुसरीने फोडणी घातली. त्या विषयावर दोघींचे आजही पटत नाही, आणि जेवायला एकत्र बसतात. मी फोनवर दोघींपैकी कोणाचीच बाजू घेतली नाही.

सिनेगॉगचे ऐका. आपल्या टेंभी नाक्यावर तुम्ही कितीदा तरी सहज डोकावला आहात. बर्लिनला सिनेगॉगच्या बाहेर पोलीस उभा असतो. ती जिथे जाते तिथे आधी पत्र पाठवून कळवावे लागते, दारात पासपोर्ट दाखवावा लागतो, पिशवी तपासतात. पहिल्या दिवशी रखवालदाराने विचारले, "जवळचा सण कोणता?" तिने सांगितला. मग हिब्रू प्रार्थना म्हणून दाखव म्हटले, तिने म्हटली, आपल्या कोकणी सुरात. तो ऐकत राहिला आणि हसून आत सोडले. तिला वाईट वाटले की आपला चेहरा पाहून विचारले. मी म्हटले, बाई, विचारू दे. हाले नावाच्या गावी २०१९ साली काय झाले ते तूच मला सांगितलेस.

ते तुम्हालाही सांगते. ९ ऑक्टोबर २०१९, आमचा दारफाळणीचा दिवस. हालेच्या सिनेगॉगमध्ये पन्नासाहून जास्त माणसे उपास धरून प्रार्थनेला बसली होती. एक माणूस बंदुका आणि स्फोटके घेऊन आला. त्याने दारावर गोळ्या झाडल्या, पण ते लाकडी दार तुटले नाही. आतली सगळी वाचली. चिडून त्याने रस्त्यातली एक बाई आणि जवळच्या खाणावळीतला एक तरुण, अशा दोघांना मारले. आमच्या पणज्यांनी या सणाला दारे लावण्याचे नाव दिले तेव्हा त्यांच्या मनात असे काही नव्हते. कोकणात आमच्या दारावर कोणी चालून आले नाही.

त्याच सिनेगॉगमध्ये आणखी एक झाले. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा माणसे लागतात. आपल्याकडे ते दहा पुरुषच. बर्लिनमध्ये काही सिनेगॉग अशी आहेत की तिथे बायकांनाही त्या दहांत धरतात. जानेवारीच्या बर्फात एका सकाळी नऊच जण आले होते. ही दारातून आत आली आणि सगळे म्हणाले, "झाले, दहा!" आणि प्रार्थना सुरू झाली. ते सांगताना तिचा आवाज वेगळाच होता. त्याच शहरात रेगिना योनास नावाची गरीब घरची मुलगी शिकली आणि १९३५ साली रब्बी झाली. आमच्या धर्मातली पहिली स्त्री रब्बी. १९४४ मध्ये तिला आउश्वित्झच्या छावणीत मारले.

माझे माहेरगाव अलिबागेजवळ. आमचे बहुतेक लोक इस्राएलला गेले, आता तिथे दहा पुरुष जमवायला मुंबईला फोन करावे लागतात. कधी आठ जमतात आणि सामुदायिक प्रार्थना होत नाही, आणि बायका बसलेल्या असतात पाच-सहा. थोरली मला म्हणाली, "आई, तुम्हाला मोजले असते तर?" माझ्या वडिलांना हे ऐकूनही सहन झाले नसते. मला स्वतःला काय वाटते ते मी तिला अजून सांगितलेले नाही. तुम्ही काय म्हणाल ते चहाच्या वेळी जरूर सांगा.

बर्लिनच्या फरसबंदीत हाताच्या तळव्याएवढे पितळी चौकोन बसवलेले आहेत. ज्या घरातून यहुद्यांना किंवा इतरांना नेऊन मारले, त्या घरापुढे एकेका माणसाचे नाव, जन्मसाल आणि कुठे नेले ते. एका जर्मन कलावंताने हे काम सुरू केले. २०२३ पर्यंत युरोपभर असे एक लाख बसवून झाले. थोरलीच्या वसतिगृहाजवळ एकाच दारापुढे चार आहेत, आईबाप आणि दोन मुली. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग जाळली, म्हणून दरवर्षी त्या तारखेला लोक हे पितळ घासतात आणि शेजारी मेणबत्ती लावतात. घासणारे बहुतेक यहुदी नसतात, त्याच गल्लीतले जर्मन लोक असतात. थोरलीने मला विचारले, "आई, पितळ कशाने निघते?" मी सांगितले, चिंच आणि मीठ. तिने तुर्की दुकानातून चिंच आणली. शेजारच्या म्हाताऱ्या जर्मन बाईने बाजारची मलमे बाजूला ठेवून चिंच घेतली. चकचकीत निघाली चारी नावे.

सगळेच तिथे अडकले नव्हते. काहींना मुंबईने आसरा दिला. वॉल्टर कौफमन हा बर्लिनला संगीत शिकलेला यहुदी तरुण १९३४ साली मुंबईला आला. आपण लहानपणी सकाळी रेडिओ लावला की आकाशवाणीची जी धून वाजे, ती त्याने बांधली असे मानतात. थोरलीला मी हे सांगितले, ते तिला ठाऊक नव्हते! आईलाही एखादी गोष्ट ठाऊक असते.

२०२५ च्या १२ एप्रिलला, तुमच्या हनुमान जयंतीच्या रात्री, पेसाह लागला. मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्याची ती रात्र. त्या रात्री परक्या माणसाला जेवायला बोलवावे अशी रीत आहे. थोरलीला एका युक्रेनच्या आजीबाईंनी बोलावले. बर्लिनचे आजचे पुष्कळसे यहुदी रशिया-युक्रेनकडून आलेले, त्यामुळे ताटावर सगळे रशियन बोलत होते आणि हिला एक अक्षर कळत नव्हते. या जेवणाआधी हगादा म्हणून पोथी वाचतात. १८७४ साली पुण्यात छापलेली एक हगादा आहे, हिब्रूबरोबर मराठी, आणि तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बसून बिनखमिराच्या भाकरी करताना दाखवल्या आहेत. थोरलीने ते चित्र फोनवर दाखवले. आजीबाईंनी चष्मा लावून पाहिले आणि तिला गालाला धरून आपल्या शेजारी बसवले. घरातल्या सर्वांत लहानाने चार प्रश्न विचारायचे असतात. ताटावर सर्वांत लहान हीच होती. तिने ते मराठीत विचारले. बर्लिनमध्ये!

आता गेल्या दसऱ्याचे. इथल्या तिघी-चौघींना ते ठाऊक आहे. २ ऑक्टोबर २०२५. आमचा उपास. संध्याकाळी सातच्या सुमारास तो सुटला, साडेसातला घरी आले, तर खालच्या वहिनी आपट्याची पाने घेऊन जिन्यातच भेटल्या. त्यांचा चेहरा उतरलेला. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला सिनेगॉगवर हल्ला झाल्याची बातमी त्यांनी पाहिली होती. गाडी अंगावर घातली, मग सुरा. दोन यहुदी माणसे गेली. आतल्या लोकांनी दार आतून दाबून धरले म्हणून बाकीची वाचली. मँचेस्टर कुठे, बर्लिन कुठे, हे मला त्या वेळी सांगून उपयोग नव्हता. थोरली दिवसभर सिनेगॉगमध्ये, फोन बंद. तिथला उपास सुटायला आपल्याकडचे सव्वाअकरा वाजणार होते.

ते पावणेचार तास कसे काढले म्हणून विचाराल, तर मी एकटीने काढले नाहीत. वहिनी सोने देऊन परत गेल्या नाहीत, बसल्या. समोरच्या काकू आल्या, त्यांनी श्रीखंड-पुरी ताटात वाढून आणली आणि जबरदस्तीने चार घास खायला लावले. दूरदर्शन संच कोणीतरी बंद केला. आमचे दार उघडेच होते. दसऱ्याचे दिवस, येणारे येत होते, पाने देत होते, बसत होते. माझे सासरे एरवी त्या रात्री कोणाशी बोलत नाहीत, ते सगळ्यांना नावाने हाक मारून बसा म्हणत होते. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. तिने आधी विचारले, "आई, उपास नीट सुटला का?" तिला काहीच ठाऊक नव्हते. बाहेरचा पोलीस त्या दिवशी दोनाचे चार झाले होते एवढेच तिने पाहिले. मी म्हटले, आधी पाणी पी, जेवून घे, मग सांगते.

ती आता प्रबंध लिहिते आहे. पुढे तिथेच नोकरी करायची, इस्राएलला आत्याकडे जायचे, की ठाण्याला यायचे, हे ठरलेले नाही. मी विचारत नाही. येत्या उन्हाळ्यात महिनाभर घरी येणार हे मात्र नक्की, तिकीट काढले आहे. ती गेली तेव्हाच मी एलियाहू हनाबीला मलिदा बोलले होते. मलिदा म्हणजे भिजवलेले गोड पोहे, खोबरे, सुका मेवा, फळे आणि वर फुले. प्रार्थना झाल्यावर सर्वांना वाटायचा. तारीख मंडळाच्या फळ्यावर लिहीन. शनिवार नसेल, एकादशीही पाहून ठेवीन. सर्वांनी यायचे आहे, आणि नारळ खवायला वहिनी आणि काकू आदल्या दिवशीच.